व्हीआर हेडसेटच्या साह्याने झोप सुधारण्याचा उपचार : घ्यावा की नाही?

मृण्मयी_पुणे (प्रश्न)

नमस्कार. मी २२ वर्षांची असून पुण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दोन मैत्रिणींसोबत भाड्याच्या खोलीत राहते. दिवाळीनंतर माझी झोप बिघडली ती अजून रुळावर आलेली नाही. साडेअकराला अंथरुणावर पडते, पण दोन-अडीच वाजेपर्यंत डोळा लागत नाही. त्या वेळात प्रबंध, नोकरीच्या मुलाखती, घरचा खर्च हे विषय एकामागून एक डोक्यात येत राहतात आणि सकाळी सातला गजर वाजतो तेव्हा अंग जड झालेले असते. आईचे म्हणणे असे की रात्री मोबाइल बाजूला ठेवला की सगळे ठीक होईल. मी तो ठेवूनही पाहिला, पण फारसा फरक पडला नाही.

एका खासगी समुपदेशन केंद्रात मला ‘व्हीआर थेरपी’च्या, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी दृश्य दाखवणाऱ्या उपचाराच्या, सत्रांचा संच सुचवण्यात आला आहे. नमुना म्हणून त्यांनी मला खुर्चीत बसवून हेडसेट लावला. समोर रात्रीचा शांत समुद्रकिनारा होता आणि श्वास घेताना मोठा होणारा, सोडताना लहान होणारा एक प्रकाशगोल होता. मला त्या वेळी खरोखर बरे वाटले. मात्र संचाची रक्कम माझ्यासाठी मोठी आहे, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. अशा उपचाराने माझ्या वयाच्या लोकांची झोप खरोखर सुधारते का? झोपण्यापूर्वी पडदा पाहू नये असे सगळे सांगत असताना डोळ्यांना चिकटवलेला पडदा चालतो कसा? आणि केंद्रात न जाता मोबाइल बसवायचा स्वस्तातला व्हीआर डबा घेऊन खोलीवरच हे करता येईल का?

विवेक_नाशिक

मृण्मयीताई, मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि निद्रानाशाच्या रुग्णांबरोबर नियमित काम करतो. उत्तर थोडे लांबेल, पण पैसे भरण्यापूर्वी विचारलेत हे फार चांगले केलेत.

मानसोपचारात व्हीआर आता नवखे राहिलेले नाही. उंचीच्या भीतीवर त्याचा उपयोग दाखवणारा बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवरच्या पट्ट्या बदलताना होणाऱ्या वेदना कमी करण्यासाठी हे तंत्र वापरले गेले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, जुनाट कंबरदुखीसाठी एका व्हीआर उपचाराला मान्यता दिली. झोपेच्या बाबतीत मात्र घडले ते वेगळेच. एफडीएने मार्च २०२० मध्ये जुनाट निद्रानाशासाठी ज्या डिजिटल उपचाराला मान्यता दिली, त्यात हेडसेट नव्हताच. तो मोबाइलवरून नऊ आठवडे दिला जाणारा सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीचा संज्ञानात्मक वर्तन उपचार होता.

हा फरक का पडतो, हे समजून घेतले तर तुमचा निर्णय सोपा होईल. उंचीच्या भीतीत व्हीआर हाच उपचाराचा गाभा असतो, कारण माणसाला ज्याची भीती वाटते तेच त्याच्यापुढे सुरक्षितपणे पुन्हा पुन्हा उभे करता येते. निद्रानाशात व्हीआर बहुतेक वेळा एवढेच करते की झोपण्यापूर्वीचा ताण उतरवते. हे काम निरुपयोगी नाही. कॅलिफोर्नियातील एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत मास्सिमिलियानो दे झांबोत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्रानाशाची लक्षणे असलेल्या स्त्रियांवर आणि नंतर किशोरवयीन मुलामुलींवर नेमका तुम्ही वर्णन केलेला प्रकार तपासला, म्हणजे झोपण्याच्या वेळी शांत दृश्य आणि त्यासोबत संथ श्वसन. मन आणि शरीर दोन्हींची उत्तेजना कमी झालेली आढळली, हृदयाची गती उतरली. पण हे अभ्यास लहान गटांवर आणि मोजक्या रात्रींपुरते झालेले आहेत. त्या रात्री शांत वाटणे आणि महिनोन्महिने बिघडलेली झोप कायमची सुधारणे यांत मोठे अंतर आहे, आणि केंद्रे जाहिरात करताना ते अंतर सांगत नाहीत याचे मला वाईट वाटते.

आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये निद्रानाशाची मांडणी तीन प्रकारच्या कारणांत केली : मुळातली प्रवृत्ती, सुरुवात करून देणारे निमित्त, आणि तो टिकवून ठेवणाऱ्या सवयी. तुमच्या बाबतीत निमित्त बहुधा प्रबंधाचे आणि नोकरीचे असावे. पण निमित्त निघून गेले तरी निद्रानाश राहतो, कारण तोवर अंथरूण आणि जागरण यांची मेंदूत जोडी जमलेली असते. ही जोडी तोडण्याची पद्धत रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये सांगितली : झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही, साधारण वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचे, आणि सकाळी उठण्याची वेळ कोणत्याही परिस्थितीत बदलायची नाही. याच्या जोडीला अंथरुणात घालवलेला वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आखडून आणायचा आणि झोप सलग होत जाईल तसा हळूहळू वाढवायचा, हा सीबीटी-आयचा दुसरा खांब आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून गोळ्यांची नव्हे, सीबीटी-आयची शिफारस केली, आणि २०१७ मध्ये युरोपातील तज्ज्ञांनीही तेच सांगितले.

तुमच्या वयोगटाविषयी बोलायचे तर ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील ३,७५५ विद्यार्थ्यांवर डॅनियल फ्रीमन यांच्या चमूने केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. संगणकावरून दिलेल्या सीबीटी-आयने विद्यार्थ्यांचा निद्रानाश कमी झालाच, शिवाय संशयी विचार आणि भासही कमी झाले. हेच फ्रीमन मनोविकारांसाठी व्हीआर उपचार विकसित करण्यात जगात आघाडीवर आहेत, तरीही विद्यार्थ्यांच्या झोपेसाठी त्यांनी हेडसेट निवडला नाही, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

आईंच्या सल्ल्याविषयीही एक सांगतो. मोबाइल दूर ठेवणे, रात्री कॉफी न घेणे, खोली अंधारी ठेवणे हे नियम चांगलेच आहेत. पण अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट निद्रानाशासाठी केवळ असे नियम हा एकमेव उपचार म्हणून देऊ नये, असे म्हटले आहे. त्यामुळे मोबाइल ठेवूनही फरक पडला नाही यात तुमचा दोष नाही.

कार्तिक_बंगळूर

मी व्हीआरसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा अभियंता आहे. वैद्यकीय बाजू विवेकसरांनी सांगितली आहेच, म्हणून मी तुमच्या पडद्याच्या आणि डब्याच्या प्रश्नांपुरते लिहितो.

डोळ्याच्या आतल्या पडद्यात मेलानोप्सिन असलेल्या काही पेशी असतात. त्या सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि ‘अजून दिवस आहे’ असा निरोप मेंदूतील घड्याळाला पोचवतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधील एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांना सलग पाच संध्याकाळी झोपण्यापूर्वीचे चार तास टॅबलेटवर वाचायला दिले होते. छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली आणि झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची लय सुमारे दीड तास उशिरा सरकली. मात्र तो टॅबलेट पूर्ण तेजावर होता आणि वेळ चार तासांचा होता, हे लक्षात घ्यावे लागते. पंधरा-वीस मिनिटांचे, मंद, तांबूस रंगातले रात्रीचे दृश्य यापेक्षा पुष्कळ सौम्य ठरेल, तर लखलखीत निळे आकाश आणि पांढरे बर्फ दाखवणारे दृश्य नाही. केंद्रात तुम्हाला कोणते दृश्य, किती तेजावर आणि किती वाजता दाखवणार, हे विचारा. सत्र दुपारी होत असेल तर प्रकाशाचा मुद्दा निकालात निघतो, पण मग रात्री अंथरुणावर काय करायचे हा प्रश्न उरतोच.

दुसरा मुद्दा मळमळ आणि डोळ्यांच्या ताणाचा आहे. डोळ्यांना हलते चित्र दिसते आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला शरीर स्थिर असल्याचे जाणवते, तेव्हा गरगरते. म्हणून झोपेसाठी तरंगत पुढे नेणारी, बोटीतून फिरवणारी दृश्ये मी कधीच सुचवणार नाही. बसल्या जागेवरून दिसणारे स्थिर दृश्यच योग्य. शिवाय हेडसेटमध्ये दूरची वस्तू असो की जवळची, डोळ्याच्या भिंगाला एकाच अंतरावर केंद्रित राहावे लागते, तर दोन्ही बुबुळांचा कोन मात्र वस्तूच्या अंतरानुसार बदलतो. या विसंगतीने काहींचे डोळे आणि डोके दुखते. चांगल्या हेडसेटचे वजनही अर्धा किलोच्या आसपास असते, त्यामुळे तो लावून आडवे पडून झोपी जाणे व्यवहार्य नाही. शेवटी तो काढावाच लागतो, आणि काढण्याच्या हालचालीत माणूस थोडा जागा होतोच.

मोबाइल बसवायच्या डब्याविषयी माझे स्पष्ट मत नकाराचे आहे. त्यात डोके वळवलेले तेवढे कळते, पण डोके पुढे-मागे सरकलेले कळत नाही. चित्र डोक्याच्या हालचालीमागे रेंगाळते आणि त्यानेच गरगरते. त्यात ज्या मोबाइलपासून झोपताना दूर राहायचे तोच डोळ्यांपासून चार बोटांवर येतो, आणि मध्येच एखादा संदेश झळकला तर सगळी शांतता संपते. तेवढ्या पैशांत खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावून घ्या, त्याचा उपयोग नक्की होईल.

मृण्मयी_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. विवेकसर, एक अडचण आहे. आमच्या खोलीत तीन पलंग आणि एकच टेबल आहे. त्यामुळे अभ्यास, जेवण, लॅपटॉप, आईशी फोनवर बोलणे, सगळे पलंगावरच होते. मग अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवायचे कसे?

आणि एक गोष्ट आधी लिहिली नव्हती, कारण ती महत्त्वाची वाटली नव्हती. सुट्टीत सांगलीला घरी गेले की मी रात्री दोनला झोपते आणि सकाळी दहाला उठते, आणि त्या दिवसांत मला अगदी छान झोप लागते.

डॉ_कोल्हापूर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. मृण्मयीताई, तुम्ही शेवटी जे लिहिलेत तेच मला या साऱ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन ते दहा असे आठ तास सलग आणि समाधानाची झोप लागत असेल, तर तुमची झोपण्याची क्षमता शाबूत आहे आणि तुमच्या शरीराचे घड्याळ पुढे सरकलेले, म्हणजे झोपेची वेळ उशिरा गेलेली, असण्याची शक्यता बरीच आहे. तरुण वयात असे होणे स्वाभाविक असते. टिल रोएनेबर्ग यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की झोपेची नैसर्गिक वेळ किशोरवयात उशिरा-उशिरा सरकत जाते, विशीच्या आसपास ती सर्वांत उशिरा असते आणि त्यानंतर पुन्हा मागे येऊ लागते. म्हणजे साडेअकराला अंथरुणावर पडता तेव्हा तुमच्या शरीराच्या दृष्टीने अजून संध्याकाळच असते, आणि त्या रिकाम्या अडीच तासांत चिंता आपसूक जागा घेतात. यात आळस किंवा शिस्तीचा अभाव शोधण्याचे कारण नाही.

उपचाराची दिशा यावरून बदलते. शांत समुद्रकिनारा पाहून चिंता कमी होईल, पण घड्याळ मागे येणार नाही. घड्याळ मागे आणायला सकाळचा उजेड लागतो. रोज, रविवारीसुद्धा, ठरलेल्या वेळी उठायचे आणि उठल्यावर लगेच अर्धा तास गच्चीवर किंवा रस्त्यावर मोकळ्या उजेडात चालायचे. पावसाळी ढगाळ सकाळचा बाहेरचा उजेडही खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट अधिक असतो. सुरुवातीला झोपायला जाण्याची वेळ मुद्दाम उशिरा, समजा दीडला ठेवायची आणि झोप लवकर लागू लागली की ती थोडी थोडी अलीकडे आणायची. अत्यल्प मात्रेतील मेलाटोनिन काहींना उपयोगी पडते, पण ते झोपण्याच्या क्षणी नव्हे, काही तास आधी घ्यायचे असते आणि ती वेळ चुकली तर लाभ होत नाही. म्हणून दुकानातून आणून आपल्या मनाने घेऊ नये. झोपेच्या इतर गोळ्यांबाबत तर हे आणखी आग्रहाने सांगतो. मैत्रिणीकडची उरलेली पट्टी कधीही घेऊ नका.

अभ्यासासाठी संध्याकाळी कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक घेत असाल तर त्याचाही विचार करा. २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप एक तासाहून अधिक कमी झाली होती.

काही गोष्टी केंद्रात कोणी विचारणार नाही म्हणून इथे विचारतो. रात्री पडल्यावर पायांत वळवळ होते, पाय हलवावेसे वाटतात आणि हलवले की बरे वाटते, असे होते का? होत असेल तर फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्या, कारण लोहाची कमतरता हे त्यामागचे नेहमीचे कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. मोठ्याने घोरणे, दिवसा बोलता-बोलता डोळा लागणे, किंवा कित्येक आठवडे मन उदास राहून कशातच रस न वाटणे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. उदासी जास्त असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक कोणत्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येते. फिट्स येण्याचा इतिहास असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हेडसेट मुळीच लावू नका, आणि अर्धशिशी असल्यास जपून.

अनघा_ठाणे

माझे वय २६. काही काळापूर्वी मी अशी सत्रे घेतली होती, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहिते. सत्रानंतर खांदे सैल व्हायचे, जबड्यातला ताण जायचा आणि एवढे शांत होता येते हे मला त्यातूनच पहिल्यांदा कळले. त्यासाठी मी त्या समुपदेशिकेची आजही ऋणी आहे. पण झोप सुधारली ती त्यानंतर, जेव्हा त्यांनी माझी झोपेची नोंदवही पाहून अंथरुणातला वेळ कमी करायला लावला. ते आठवडे कठीण होते, दुपारी फार झोप यायची, आणि तेव्हा रात्री उशिरापर्यंत जागे राहण्यासाठी धीर देणारे माणूस सोबत असणे कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचे ठरले.

श्वसनासाठी हेडसेट लागतोच असे मला वाटत नाही. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी यांच्या २००१ च्या अभ्यासात जपमाळेची प्रार्थना आणि योगमंत्र दोन्ही म्हणताना श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम होतो असे दिसले होते. माझी आजी झोपण्यापूर्वी माळ ओढत असे, तेव्हा तिच्या खोलीत गेले की मलाही जांभया यायच्या. तुम्हाला नामस्मरणाची आवड नसेल तर भ्रामरी करा किंवा नुसते श्वास मोजा. दृश्यांचेही तसेच आहे. ऑक्सफर्डमध्ये २००२ मध्ये ॲलिसन हार्वी आणि सुझॅना पेन यांनी निद्रानाश असलेल्यांना झोपताना एखादे प्रसन्न, गुंतवून ठेवणारे दृश्य मनात तपशिलाने उभे करायला सांगितले, तेव्हा काहीच सूचना न दिलेल्यांपेक्षा त्यांना लवकर झोप लागल्याचे त्यांनी सांगितले. मी आमच्या गावच्या नदीचा घाट पायरी-पायरीने उतरते. मात्र ज्यांना मिटल्या डोळ्यांपुढे चित्र उभेच राहत नाही, त्यांना सुरुवातीला हेडसेटची मदत होऊ शकते असे माझे मत आहे.

विवेक_नाशिक

डॉक्टरांनी घड्याळाचा मुद्दा मांडला त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. सुट्टीतल्या झोपेची माहिती मिळाल्यावर माझ्याही सल्ल्याचा क्रम बदलतो : आधी सकाळचा उजेड आणि उठण्याची पक्की वेळ, मग बाकीचे.

पलंगाच्या अडचणीबद्दल. वसतिगृहांतल्या आणि भाड्याच्या खोल्यांतल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याची हीच स्थिती असते, आणि परदेशी पुस्तकांतला ‘दुसऱ्या खोलीत जाऊन बसा’ हा सल्ला त्यांच्या कामाचा नसतो. जमिनीवर एक चटई आणि भिंतीला टेकायला उशी, ही तुमची जागेपणाची जागा ठरवा. अभ्यास, लॅपटॉप, फोन सगळे तिथे. तेही जमत नसेल तर दिवसा गादीवर वेगळी चादर टाका, उशी पायथ्याशी ठेवून उलट्या बाजूला तोंड करून बसा, आणि रात्री चादर काढून उशी जागेवर ठेवली की त्यानंतर तिथे काहीही करू नका. झोप न आल्यास चटईवर येऊन मंद दिव्यात कंटाळवाणे काही वाचा. मैत्रिणींना आधी कल्पना द्या, म्हणजे मध्यरात्री तुम्ही उठून बसलात तर त्या घाबरणार नाहीत.

केंद्राविषयी माझा सल्ला असा की आत्ताच पूर्ण संचाचे पैसे भरू नका. आधी दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवा. केव्हा पडलात, अंदाजे केव्हा झोप लागली, केव्हा उठलात, दुपारी झोपलात का, चहा-कॉफी केव्हा घेतली, एवढे रोज सकाळी लिहिले तरी पुरे. हातातल्या घड्याळाने दिलेल्या गाढ झोपेच्या आकड्यांवर विसंबू नका, ते आकडे पाहूनच काहींची झोप उडते. नंतर ती वही घेऊन केंद्रात जा आणि विचारा की तुमच्याकडे सीबीटी-आय शिकलेली व्यक्ती आहे का, की सत्रे म्हणजे फक्त हेडसेट लावणे आहे. निद्रानाशाची तीव्रता मोजणारी आयएसआय ही सात प्रश्नांची चाचणी उपचारापूर्वी आणि उपचारानंतर घेणार का, हेही विचारा. तिचे गुण ० ते २८ असतात, १५ किंवा अधिक असल्यास निद्रानाश मध्यम ते तीव्र समजला जातो, आणि उपचारानंतर गुण आठ किंवा अधिक घटले तर खरा फरक पडला असे आम्ही धरतो. हे मोजायला केंद्र तयार नसेल तर तिथे पैसे घालू नका. मोजायला तयार असेल, सीबीटी-आय देणार असेल आणि त्याच्या जोडीला शिथिलीकरणासाठी व्हीआर वापरणार असेल, तर एकेका सत्राचे पैसे देऊन सुरुवात करायला माझी हरकत नाही.

अंथरुणातला वेळ आखडण्याचा प्रयोग मात्र एकटीने करू नका, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलात तरी तो पाच तासांच्या खाली नेऊ नका. त्या आठवड्यांत दिवसा पेंग येते, त्यामुळे तेवढे दिवस स्कूटर चालवू नका, बसने किंवा मैत्रिणीच्या मागे बसून जा. नोंदवही भरून झाली की इथे टाका, मी आणि डॉक्टर दोघेही पाहू.